उघड्या मैदानावरचा प्रेक्षक आणि छपराखालचा प्रेक्षक

पंचगंगाकाठ

मी मूळचा कोल्हापूरचा, आणि गेली वीसहून अधिक वर्षे अमेरिकेत मिनियापोलिस येथे राहतो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या पाहिल्या. इथे आल्यावर मेट्रोडोम नावाच्या एका अवाढव्य, पूर्ण झाकलेल्या क्रीडागारात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल पाहिला. दोन्हीकडे मी प्रेक्षकच होतो, पण दोन्हीकडचा प्रेक्षक एकच नव्हता, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. ते नेमके काय, हे मांडून पाहतो.

मेट्रोडोम १९८२ साली सुरू झाले. त्याच्या छताला खांब नव्हते. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे ते छत आतल्या हवेच्या वाढीव दाबावर फुग्यासारखे उभे असे, आणि तो दाब टिकावा म्हणून प्रेक्षकांची ये-जा फिरत्या दारांतून होई. सामना संपून बाहेरची दारे उघडली की आतली हवा माणसाला पाठीत रेटा देऊन बाहेर काढत असे. त्या वास्तूची माझी पहिली आठवण खेळाची नाही, या रेट्याची आहे. १२ डिसेंबर २०१० रोजी साचलेल्या बर्फाच्या भाराने ते छत फाटून आत कोसळले. सुदैवाने पहाटेची वेळ होती आणि खाली प्रेक्षक नव्हते.

या शहराची गंमत अशी की एकाच छपराखाली नांदणारे दोन खेळ पुढे विरुद्ध दिशांना गेले. बेसबॉलचा ट्विन्स संघ २०१० च्या हंगामापासून टार्गेट फील्ड या उघड्या मैदानावर गेला. फुटबॉलचा वायकिंग्ज संघ नवे क्रीडागार तयार होईपर्यंत २०१४ आणि २०१५ असे दोन हंगाम विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर खेळला आणि २०१६ साली पुन्हा छपराखाली गेला. बेसबॉल उन्हाळ्यात चालतो आणि फुटबॉल थेट जानेवारीपर्यंत रेंगाळतो, हे कारण उघड आहे. तरीही टार्गेट फील्डवर पाऊस कोसळतो, एप्रिलमध्ये बोटे गोठतात, आणि ज्यांनी मेट्रोडोममध्ये कोरड्या अंगाने सामने पाहिले तेच लोक भिजत बसतात. त्यांना विचारले तर ते म्हणतात, आकाशाखाली बेसबॉल पाहायला मिळतो याचे मोल आम्हाला ठाऊक आहे, कारण १९८२ ते २००९ तो आम्हाला मिळत नव्हता.

१० जानेवारी २०१६ रोजी त्या उघड्या मैदानावर सिअ‍ॅटलविरुद्धचा बाद फेरीचा सामना मी पाहिला. तापमान उणे २१ अंश सेल्सियस होते. पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून लोक उभे होते, कारण सिमेंटचा गारठा बुटाच्या तळव्यातून वर चढतो. अखेरच्या अर्ध्या मिनिटात वायकिंग्जच्या खेळाडूने केवळ २७ यार्डांवरून मारलेली किक डावीकडे गेली आणि संघ १०-९ असा हरला. एवढी सोपी किक हुकली म्हणून टीव्हीवर सामना पाहणाऱ्या माझ्या मित्रांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. माझ्या आजूबाजूचे लोक मात्र बराच वेळ गप्प उभे होते. त्या थंडीत चेंडू दगडासारखा कडक होतो हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. त्यांच्या स्वतःच्या पायाची बोटे बधिर झालेली होती.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की खेळाडू आणि प्रेक्षक एकाच हवेत असतात तेव्हा प्रेक्षकाला खेळ अंगाने कळतो. आत वातानुकूलन आले की खेळ फक्त डोळ्यांनी आणि कानांनी कळतो. या बदलाला मी अधोगती म्हणत नाही, परंतु आपण काय देऊन काय घेतले याचा हिशेब मांडावासा वाटतो.

नायगावचा चढाईपटू

आपला विषय कबड्डीला जितका लागू पडतो तितका तो क्वचितच दुसऱ्या कुठल्या खेळाला पडत असेल. मुंबईत नायगाव, लालबाग, प्रभादेवी या गिरणगावातल्या भागांत कबड्डी म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्याच्या रात्री, चाळून घेतलेल्या मातीचे मैदान, बांबूला बांधलेले दिवे आणि रेषेपासून चार-पाच हातांवर बसलेली माणसे. चढाई करणाऱ्याचा दम आम्हाला ऐकू येत असे. तो जेरीस आला की ‘कबड्डी’तला ‘ड्डी’ आधी विरतो, आणि आता हा परतणार हे पकड करणाऱ्यांइतकेच रेषेवरच्या म्हाताऱ्यांनाही कळत असे.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियममध्ये, म्हणजे ज्याला सगळे एनएससीआय डोम म्हणतात तिथे, प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. तारखेकडे लक्ष द्यावे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, मुंबईत कबड्डी! मातीच्या काळात हे स्वप्नातही आले नसते. पावसाळा हा आमच्या खेळाचा विश्रांतीचा काळ असे. छपराने पहिल्यांदा काही बदलले असेल तर ते कॅलेंडर. क्रिकेट नसलेल्या महिन्यांत टीव्हीला खेळ हवा होता, आणि छप्पर व मॅट यांनी तो मिळवून दिला.

डोममध्ये मी गेलो. दिवे, संगीत, निवेदक, सगळे झकास होते. फक्त दम ऐकू येत नव्हता. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आणि डोक्यावर मोठे घड्याळ असल्यामुळे तो ऐकण्याची कोणाला गरजही उरलेली नव्हती. आम्ही खेळाडूच्या छातीकडे पाहण्याऐवजी घड्याळाकडे पाहत होतो. पंचगंगाकाठ यांच्या ‘अंगाने कळणे’ या शब्दांत मी एवढीच भर घालेन, की छपराखाली खेळाची मोजमापेही प्रेक्षकाच्या इंद्रियांकडून यंत्राकडे जातात.

अर्थात दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मातीवर गुडघे आणि कोपरे सोलून निघत, आणि जखमेत माती जाऊन पू होत असे. मॅटवर खेळणारी आजची मुले या दृष्टीने सुखी आहेत, आणि त्यांना दोन पैसेही मिळतात.

शीतल_मिरज

आपण दोघांनीही फार सुंदर लिहिले आहे, परंतु मला सविनय मतभेद नोंदवायचा आहे. ज्या उघड्या मैदानांच्या आठवणी इथे येत आहेत, त्या सगळ्या पुरुषांच्या आठवणी आहेत.

माझे आजोबा आणि दोन्ही काका तालमीतले. घरात रोज कुस्तीच्या गप्पा. लांग, ढाक, घिस्सा हे डाव मला शाळेत जाण्याआधीपासून नावाने माहीत होते. असे असूनही जत्रेतले कुस्त्यांचे मैदान मी वयाच्या सव्वीसाव्या वर्षापर्यंत आतून पाहिले नव्हते. मुलींना कोणी मनाई केली होती असे नाही, पण हजारो पुरुषांच्या गर्दीत मातीवर बसायचे कुठे, तहान लागली तर काय आणि लघवीला लागली तर काय, या प्रश्नांना उत्तर नव्हते. हलगीचा कडकडाट आम्ही घराच्या गच्चीवरून ऐकायचो, आणि आवाज वाढला की कोणीतरी चितपट झाले असे समजायचे.

पुण्याला बालेवाडीच्या बंदिस्त हॉलमध्ये कबड्डीचा सामना पाहायला मी, आई आणि माझी मुलगी गेलो तेव्हा आईचे वय एकसष्ट होते. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादा सामना प्रत्यक्ष पाहिला. तिला नंबर असलेली खुर्ची मिळाली, आणि स्वच्छतागृह जवळ होते. खेळाडूंचा दम तिला ऐकू आला नाही हे खरे, पण त्याआधी तिला काहीच ऐकू आलेले नव्हते. छप्पर आले म्हणजे काय आले, तर दरवाजा आला, तिकीट आले, जागा राखीव झाली आणि गर्दीला शिस्त लागली. ज्यांना गर्दीतून वाट काढता येत होती त्यांना यात तोटा दिसतो.

छप्पर आणि सोयी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. उघड्या मैदानावरही स्वच्छतागृह बांधता येते. प्रश्न असा आहे, की इतकी वर्षे ते का बांधले गेले नाही?

पंचगंगाकाठ

शीतलताई, हा मुद्दा माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता, हे कबूल करतो. माझ्या बहिणीनेही खासबाग रस्त्यावरूनच पाहिले आहे. वडिलांचा खांदा मला मिळाला, तिला नाही.

नकाशेवाला

मी पुण्यात वास्तुरचनाकार म्हणून काम करतो. स्टेडियम बांधलेले नाही, पण ध्वनी आणि उष्णता हे माझे रोजचे विषय आहेत, म्हणून थोडे लांबण लावतो.

‘छप्पर की आभाळ’ अशी जोडी करणे तांत्रिकदृष्ट्या फसवे आहे. मधल्या पायऱ्या पुष्कळ आहेत: पूर्ण उघडे मैदान, फक्त प्रेक्षकांवर छत, मैदानावर सरकणारे छत, वर छत पण बाजू मोकळ्या, आणि शेवटी सगळीकडून बंद वातानुकूलित पेटी. बहुतेक लोक ज्याला उघडे स्टेडियम म्हणतात त्यात प्रेक्षकांवर काही ना काही छत असतेच. वानखेडेचे उदाहरण घ्या. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा प्रेक्षागारावर खांबांविना पुढे झुकलेले कापडी छत आले आणि आसने कमी झाली. आकाश उघडेच राहिले, समुद्राचा वाराही येतो, पण प्रेक्षकांचा आवाज पूर्वी वर उडून जात असे तो आता छताच्या आतल्या बाजूवर आदळून मैदानाकडे वळतो.

आवाजाबाबत मोठा गैरसमज आहे. बंद क्रीडागारात सर्वांत जास्त गोंगाट होतो असे आपण धरून चालतो, परंतु गिनीजमध्ये नोंदलेला प्रेक्षकांच्या गोंगाटाचा विक्रम, १४२.२ डेसिबल, हा २९ सप्टेंबर २०१४ रोजी कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड या पूर्ण उघड्या स्टेडियममध्ये झाला. तिथली आसने उभ्या चढणीची आणि मैदानाला लगटून आहेत. बंद जागेत वेगळीच गोष्ट घडते. तिथे आवाज विरायला वेळ लागतो. टाळ्यांचे टोक नाहीसे होते, घोषणेतले शब्द एकमेकांत मिसळतात आणि एक सलग गुणगुण कानाला चिकटून राहते. उघड्या मैदानावर एका कोपऱ्यातून उठलेली आरोळी दुसऱ्या कोपऱ्यात पोचताना ऐकू येते, तिला दिशा असते. नायगावच्या मित्रांना दम ऐकू न येण्याचे निम्मे कारण लाऊडस्पीकर आहे, पण निम्मे कारण तो घुमट आहे.

पंचगंगाकाठ यांच्या मेट्रोडोममध्ये हा घुमणारा आवाज यजमानांच्या चांगलाच पथ्यावर पडला होता. ट्विन्स संघाने १९८७ आणि १९९१ या दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. दोन्ही वेळा घरचे चारही सामने जिंकले आणि बाहेरचे तिन्ही हरले. शिवाय छताचा पांढरट रंग चेंडूच्या रंगात मिसळत असल्यामुळे उंच उडालेला चेंडू पाहुण्या क्षेत्ररक्षकांना दिसेनासा होई. छप्पर तटस्थ असते, हवामानाचा अन्याय दूर करते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता गवत. १९६५ साली ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम उभे राहिले, तेव्हा आत खरे गवत लावले होते आणि त्यासाठी छताला पारदर्शक तावदाने होती. त्या तावदानांतून येणाऱ्या चकाकीत खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून ती रंगवली. रंगवल्यावर ऊन मिळेना म्हणून गवत मेले. आणि १९६६ मध्ये तिथे कृत्रिम गवत अंथरले, ज्याला पुढे अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव कायमचे चिकटले. एका छपराने एका नव्या पृष्ठभागाला जन्म दिला, आणि त्या पृष्ठभागाने खेळ बदलला. कृत्रिम गवत आल्यावर हॉकीत आपला देश कसा मागे पडला ते इथे सांगायला नको.

उन्हातला माणूस

एकच मुद्दा. स्पेनमध्ये बैलझुंजीची तिकिटे आजही ‘सोल’ आणि ‘सोम्ब्रा’, म्हणजे उन्हातली आणि सावलीतली, अशी वेगळी विकली जातात आणि उन्हातली स्वस्त असतात. आपल्याकडे तसे छापत नाहीत, इतकाच फरक. पॅव्हिलियनवर छत आणि साध्या स्टँडवर आभाळ हा आपल्या क्रिकेट मैदानांचा जुना रिवाज आहे. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर कसोटीच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊपासून उघड्या आसनावर बसून पाहावे, म्हणजे निसर्गाशी एकरूप होण्याची हौस दुपारच्या जेवणापर्यंत फिटते. खेळाडू आणि प्रेक्षक एकाच हवेत असतात म्हणता, पण खेळाडूला दर तासाने पाणी मिळते.

यारा_तीर

मेलबर्नहून लिहीत आहे. इथे या वादाची दोन्ही उत्तरे एकाच शहरात उभी आहेत. एक लाख माणसे मावणारे उघडे एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आणि तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर डॉकलंड्सचे सरकत्या छताचे स्टेडियम. या दुसऱ्या स्टेडियमवर ऑगस्ट २००० मध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, छताखाली ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामने झाले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट छपराखाली खेळले जाण्याची ती पहिली वेळ.

ऑक्टोबर २०२२ मधला टी-ट्वेंटी विश्वचषक आठवावा. २३ तारखेला भारत-पाकिस्तान सामना एमसीजीवर होता आणि आठवडाभर पावसाचा अंदाज होता. आमच्या मराठी मंडळाच्या चाळीस जणांनी तिकिटे काढली होती, आणि त्या आठवड्यात गटावर क्रिकेटपेक्षा ढगांच्या नकाशांचीच चर्चा जास्त झाली. एका काकूंनी देव पाण्यात ठेवले होते, हे अक्षरशः खरे आहे. त्या दिवशी आभाळ मोकळे राहिले, ९०,२९३ प्रेक्षक आले, आणि कोहलीच्या नाबाद ८२ धावांनंतर शेवटच्या चेंडूवर भारत कसा जिंकला ते सर्वांना माहीत आहे. परंतु तीनच दिवसांनी पावसामुळे डकवर्थ-लुईसच्या गणितात आयर्लंडने इंग्लंडला पाच धावांनी हरवले, त्याच दिवशीचा अफगाणिस्तान-न्यूझीलंड सामना वाहून गेला, आणि २८ तारखेचे दोन्ही सामने एकही चेंडू न पडता रद्द झाले. तीन किलोमीटरवर छप्पर असलेले मैदान असताना हे का, असा प्रश्न इथल्या वर्तमानपत्रांनीही विचारला.

माझे मत विचाराल तर २३ तारखेचा तो थरार आठवडाभराच्या त्या धास्तीशिवाय इतका चढला नसता. पण २८ तारखेची तिकिटे काढून लांबून आलेल्या माणसापुढे मी हे वाक्य उच्चारणार नाही.

डॉकलंड्सवर मी बिग बॅश या इथल्या टी-ट्वेंटी लीगचे सामनेही पाहतो. आरामशीर आहे, पण चेंडू छताला लागतो. जानेवारी २०२३ मध्ये एकाच डावात दोनदा लागला आणि दोन्ही वेळा नियमाप्रमाणे षटकार दिला गेला. त्यावर इतका गदारोळ झाला की चालू हंगामातच नियम बदलून असा चेंडू ‘डेड’ ठरवण्यात आला. आमच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्या दिवशी विचारले, की झेल उडाला होता की षटकार, हे आता वास्तुविशारदाला विचारायचे का?

पंचगंगाकाठ

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली. शीतलताई आणि ‘उन्हातला माणूस’ यांच्या प्रतिसादांनंतर माझे मूळ विधान मला दुरुस्त करावे लागेल. प्रेक्षक आणि खेळाडू एकाच हवेत असतात असे मी लिहिले, ते ज्यांना त्या हवेत शिरू दिले गेले त्यांच्यापुरतेच खरे होते. आणि आत शिरलेल्यांतही सावली कोणाला व ऊन कोणाला हे आधीच ठरलेले होते.

तरीही खासबागेबद्दल एक गोष्ट नोंदवतो. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचे कलोझियम त्यांनी पाहिले, आणि त्यावरून त्यांना कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे मैदान बांधण्याची कल्पना सुचली. ते १९१२ साली पूर्ण झाले. मध्ये हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्यामुळे मागच्या माणसालाही पुढच्याच्या फेट्याचा अडथळा होत नाही. त्याच महाराजांनी त्याच मैदानाला लागून १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले, जे आज केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाते. एका भिंतीच्या अलीकडे नाटकासाठी छप्पर आणि पलीकडे कुस्तीसाठी आभाळ, अशी निवड करणारा माणूस एकच होता. नाटकाला अंधार आणि शांतता लागते. कुस्तीला उजेड लागतो, माती उधळायला जागा लागते, आणि निकाली कुस्ती किती वेळ चालेल याचा नेम नसल्यामुळे प्रेक्षकाला उठून, हिंडून, पुन्हा येऊन बसण्याची मोकळीकही लागते. गादीवरच्या, मिनिटे आणि गुण मोजणाऱ्या कुस्तीला बंद हॉल सोसतो, कारण तिथे प्रेक्षकाने किती वेळ बसायचे हे आधीच ठरलेले असते. छप्पर कोणत्या खेळाला मानवेल, हे हवामानापेक्षा त्या खेळाच्या वेळेच्या हिशेबावर अवलंबून असावे, अशी एक नवी शंका मला येऊ लागली आहे.

शीतल_मिरज

शंका पटण्यासारखी आहे. बेसबॉललाही घड्याळ नव्हते ना? म्हणूनच कदाचित तुमचा ट्विन्स संघ बाहेर पडला आणि घड्याळावर चालणारा फुटबॉल आत गेला.

पंचगंगाकाठ

ताई, हे मला वीस वर्षांत सुचले नाही. मात्र २०२३ पासून बेसबॉलमध्येही चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले आहे, तेव्हा इथे कोणी पुन्हा छप्पर मागू लागले तर मी तुम्हाला कळवीन.

नायगावचा चढाईपटू

या सगळ्यात आमच्या विभागातला गेल्या हिवाळ्यातला प्रसंग सांगतो. स्पर्धा नेहमीच्याच उघड्या मैदानावर होती, पण खेळाडूंना आता मॅटचीच सवय असल्यामुळे मातीवर मॅट अंथरली होती. बाजूला महिलांसाठी दोन रांगा खुर्च्या आणि फिरते स्वच्छतागृह होते. शीतलताईंना हे मुद्दाम सांगतो. रात्री साडेदहानंतर दव पडू लागले. मातीने ते पिऊन टाकले असते, मॅटवर मात्र ते तसेच राहिले आणि पाय घसरू लागले. पंचांनी सामना थांबवला. मंडळाची पोरे घरांतून टॉवेल, जुन्या साड्या, मिळेल ते घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसून मॅट पुसू लागली. पाठोपाठ पहिल्या रांगेतली दोन म्हातारी माणसेही खांद्यावरचे पंचे घेऊन आत शिरली. एक टोक पुसून होईपर्यंत दुसरे ओले होत होते. असे चाळीस मिनिटे चालले. लाऊडस्पीकरवाल्याने गाणी बंद केली होती, त्यामुळे सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा पहिल्या चढाईचा दम आम्हाला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.